गोळी सुटण्याआधी

माझ्याकडे दर महिन्याला बीपी तपासायला येणारे एक काका आहेत. माले गावाजवळच्याच एका गावचे. पूर्वी ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. समिती बसायची थांबली त्याला बरीच वर्षं झाली, पण गावात अजून त्यांना 'अध्यक्ष' म्हणूनच हाक मारतात. गेल्या खेपेला मी दंडाला पट्टा बांधत असताना त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पुण्यात पुन्हा कुठेतरी गोळीबार झाल्याची बातमी होती. "डॉक्टरसाहेब, ही भांडणं काय पिस्तुलानं सुरू होत्यात का? बांधावरनं सुरू होत्यात. आमच्याकडं आली असती तर बांधावरच मिटवली असती." पट्टा बांधल्यावर बोलू नका, आकडा वाढतो, असं मी त्यांना प्रत्येक वेळी सांगतो. ते प्रत्येक वेळी बोलतात. आकडा आला १५८/९६.

त्यांचं म्हणणं डोक्यात राहिलं. एरवी मी इथे मधुमेह, थायरॉइड, डेंग्यू यांवर लिहितो. आज जरा वेगळ्या विषयावर लिहितो आहे. गावानं पुढाकार घेऊन हिंसा थांबवायची आणि सरकारनं त्या कामाला हातभार लावायचा, हा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झाला आहे, एकदा नव्हे तर दोनदा. एक बंदुकीच्या छायेत जगणाऱ्या गडचिरोलीत, दुसरा राज्यातल्या सगळ्या गावांत. त्याचा इतिहास आपण विसरत चाललो आहोत.

यात डॉक्टरचं काय काम?

एमबीबीएसनंतर इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीला ड्यूटी लागायची. गोळी लागलेला पहिला पेशंट पाहिला तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं ते जखमेच्या आकाराचं. शर्टाच्या बटणाएवढं भोक, फारसं रक्त नाही, पेशंट शुद्धीवर. सीनियर मात्र धावपळ करत होते. पोट उघडल्यावर कारण कळलं. गोळी शरीरात शिरते तेव्हा सोबत ऊर्जा घेऊन येते, आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट. ती आजूबाजूच्या मांसात, आतड्यात, यकृतात उतरते. यकृत आणि प्लीहा हे नाजूक अवयव असतात, ते भेगाळतात. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं; त्यातलं दीड-दोन लिटर पोटातल्या पोटात साचलं तरी बाहेर चादरीवर डाग दिसेलच असं नाही. जगले-वाचले तरी पुढे पोटावर पिशवी, पुन्हा ऑपरेशन, मोडलेलं हाड, महिनोन्‌महिने बुडालेली मजुरी, रात्री दचकून उठणं. हे सगळं सर्जनच्या हाताबाहेरचं आहे.

असा पेशंट दिसला तर काय करायचं तेही सांगून ठेवतो. स्वच्छ कापडानं जखमेवर घट्ट दाब द्या, दाब सोडून सारखं बघू नका, आत काही रुतलं असेल तर ओढू नका, पाणी-चहा पाजू नका, १०८ ला फोन करा. "पोलीस केस आहे, आधी पोलिसांना आणा" असं म्हणून कोणत्याही डॉक्टरला उपचार नाकारता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. आधी उपचार, मग कागद.

पण हे झालं गोळी सुटल्यानंतरचं. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या वार्षिक सभेनं ठराव करून हिंसा हा जगभरातला सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न असल्याचं जाहीर केलं. सहा वर्षांनी, २००२ मध्ये, संघटनेनं हिंसा आणि आरोग्य या विषयावर पहिला जागतिक अहवाल काढला. विचार साधा होता. कॉलरा आला की आपण फक्त सलाइन लावत बसत नाही, विहीर शोधतो. मग हिंसेची विहीर कोण शोधणार?

त्याच सुमारास अमेरिकेत गॅरी स्लुटकिन नावाचे एक साथरोगतज्ज्ञ आपल्या गावी, शिकागोला, परतले होते. सॅन फ्रान्सिस्कोत क्षयरोग, सोमालियाच्या निर्वासित छावण्यांत कॉलरा, पुढे जागतिक आरोग्य संघटनेत एड्स, असं त्यांचं आयुष्य गेलेलं. शिकागोतल्या गोळीबारांचे नकाशे त्यांनी पाहिले आणि त्यांना ते साथीच्या नकाशांसारखे दिसले. एक घटना, तिच्याभोवती काही दिवसांत दुसरी, मग तिसरी. सूड हा संसर्गासारखाच एकाकडून दुसऱ्याकडे जातो. क्षयरोगात आपण काय करतो? थुंकीत जंतू असलेला पेशंट शोधतो, त्याच्या घरी जातो, त्याच्या वस्तीतलाच कोणी कार्यकर्ता त्याला गोळ्या देतो. स्लुटकिन यांनी २००० साली एका वस्तीत तसंच सुरू केलं. ज्यांचं त्या गल्लीत ऐकलं जातं अशी माणसं, त्यात तुरुंगवास भोगून आलेलेही, पगार देऊन नेमली. काम एकच: कुठे भांडण शिजतंय याचा कान ठेवायचा आणि पिस्तूल निघण्याआधी मध्ये जाऊन उभं राहायचं. पोलिसांना नावं कळवायची नाहीत, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणी दार उघडणार नाही.

याचे निकाल सगळीकडे सारखे आले नाहीत हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. काही वस्त्यांत गोळीबार घटला, काही शहरांत फरक दिसला नाही. आणि पैशाचं रडगाणं तिथेही आहेच. राज्य सरकारचं अनुदान कधी मिळालं, कधी मध्येच बंद झालं. २०२२ मध्ये तिथल्या केंद्रीय कायद्यानं अशा कामासाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलर ठेवले. एप्रिल २०२५ मध्ये नव्या सरकारनं शेकडो अनुदानं एका झटक्यात रद्द केली, त्यात अशी काम करणाऱ्या संस्थाही होत्या.

असो. अमेरिकेतल्या गोष्टी सांगून मी थांबलो असतो तर अध्यक्षकाका म्हणाले असते, आमचं काय ते बोला.

गडचिरोली: गावबंदी

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. नक्षलवाद्यांची दलं तिथे त्याआधीच, १९८० च्या सुमारास, गोदावरी-प्राणहिता ओलांडून आली होती. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिथल्या माडिया-गोंड गावांनी जे भोगलं ते आपण पुण्याकडचे लोक बातम्यांच्या पट्टीवर वाचत आलो. एकट्या २००९ साली फेब्रुवारी, मे आणि ऑक्टोबरमधल्या तीन मोठ्या हल्ल्यांत जवळपास पन्नास पोलीस गेले. पोलिसांचा आकडा निदान छापून येतो. 'खबऱ्या' ठरवून मारलेल्या गावकऱ्यांची संख्या शेकड्यांत आहे. रात्री दल आलं तर जेवण द्यावंच लागतं, सकाळी पोलीस आले की "जेवण का दिलंत?" असा प्रश्न. ज्याच्या दारात दोन्हीकडच्या बंदुका आलटून पालटून येतात त्याच्या बीपीचा आकडा काय असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

२००३ साली राज्य सरकारनं नक्षल गावबंदी योजना आणली. गावानं ग्रामसभेत ठराव करायचा की आम्ही सशस्त्र दलाला गावात येऊ देणार नाही, जेवण देणार नाही, पैसा-धान्य देणार नाही, पोरं देणार नाही. असा ठराव करणाऱ्या गावाला सरकार विकासकामांसाठी निधी देणार. ही रक्कम अलीकडच्या वर्षांत ६ लाख रुपये आहे. त्यातून रस्ता, समाजमंदिर, पाण्याची सोय असं काहीही गाव ठरवेल ते.

इथे जरा थांबून शेजारी पाहू. दोनच वर्षांनी, २००५ मध्ये, सीमेपलीकडे छत्तीसगडच्या बस्तरमध्ये 'सलवा जुडूम' सुरू झालं. तेही लोकांचंच आंदोलन आहे असं सांगितलं गेलं आणि त्यालाही सरकारचा पाठिंबा होता. फरक असा की तिथे आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून त्यांच्या हातात बंदुका दिल्या. गावं जळाली, हजारो लोक छावण्यांत आले किंवा आंध्रात पळाले. अखेर ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अर्धशिक्षित आदिवासी पोरांना शस्त्रं देऊन लढायला लावणं घटनाबाह्य ठरवलं. 'समाजाच्या प्रयत्नांना सरकारी मदत' हे शब्द दोन्हीकडे सारखेच होते. एका ठिकाणी मदत म्हणून रस्ता-पाण्याचा निधी आला, दुसऱ्या ठिकाणी बंदूक. औषधाचं नाव सारखं असून भागत नाही, आत काय आहे ते वाचावं लागतं.

गावबंदी निर्दोष होती असं मी म्हणणार नाही. ठराव करणं म्हणजे दलाच्या डोळ्यांवर येणं, आणि ६ लाखांनी कोणाचा जीव परत येत नाही. काही ठराव मनापासून झाले, काही पोलीस ठाण्याच्या दबावानं झाले असतील. खाणींवरून, जंगलाच्या हक्कांवरून लोकांची गाऱ्हाणी आहेत ती अशा ठरावानं मिटत नाहीत. पण गेल्या काही वर्षांत भामरागड, एटापल्ली अशा तालुक्यांतल्या, एकेकाळी दलाचे बालेकिल्ले मानल्या गेलेल्या गावांनी हे ठराव केले, आणि त्यासोबत एक गोष्ट घडली जी मला फार महत्त्वाची वाटते. गावकऱ्यांनी घरातल्या 'भरमार' बंदुका पोलिसांकडे आणून दिल्या. भरमार म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची जुनी बंदूक. शिकारीला, पिकात येणाऱ्या रानडुकरांना हाकलायला ती पिढ्यान्‌पिढ्या घरात असायची; दलाच्या गावपातळीवरच्या लोकांच्या हातातही तीच असायची. साथीत आपण विहिरीत क्लोरीन टाकतो, तसं घरातलं हत्यार घराबाहेर जाणं. रागाच्या क्षणी हाताशी काय आहे, यावर जखम बुक्कीची होणार की छातीत छर्ऱ्यांची, हे ठरतं.

याच धोरणाची दुसरी बाजू म्हणजे २००५ पासूनची आत्मसमर्पण योजना. शस्त्र खाली ठेवणाऱ्याला पैसे, घर, काम. त्यातली एक गोष्ट डॉक्टर म्हणून मला सांगावीशी वाटते. दलात लग्न करणाऱ्या पुरुषांना नसबंदी करून घ्यावी लागायची. मूल झालं तर जंगलात फिरता येत नाही म्हणून. परत आलेल्या अनेकांची पहिली मागणी घर किंवा पैसा नव्हती, मूल होती. गडचिरोली पोलिसांनी पुढाकार घेऊन अशा कित्येकांवर नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यांना मुलं झाली. ही शस्त्रक्रिया वाटते तेवढी सोपी नाही. कापलेली वीर्यवाहिनी पेन्सिलीतल्या शिशाएवढी, आतली पोकळी तर केसाएवढी. ती सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा शिवायची. नसबंदीला तीन वर्षं होण्याआधी केली तर चारातल्या तिघांच्या घरी पाळणा हलतो. पंधरा वर्षं उलटली असतील तर हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर येतं. म्हणून माणूस जितक्या लवकर परत येईल तितकं बरं. हिंसा सोडायला माणसाला काय लागतं याचं उत्तर मला एखाद्या समाजशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या ऑपरेशनमध्ये जास्त नीट सापडलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव या बड्या माओवादी नेत्यानं ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली, तेव्हा श्रेय सी-६० च्या जवानांना मिळालं, ते योग्यच. ग्रामसभेत हात वर करणाऱ्या म्हाताऱ्यांचा फोटो कुठे फारसा दिसला नाही.

मुळशी आणि तंटामुक्ती

आता घरी येऊ. या खोऱ्यात जमीन आणि हत्यार यांची गाठ जुनी आहे. माले गावाच्या पुढे जे धरण दिसतं, त्यासाठी टाटा कंपनीनं शंभर वर्षांपूर्वी गावंच्या गावं घेतली. १६ एप्रिल १९२१ ला मुळशी सत्याग्रह सुरू झाला. बायाबापड्या कामावर जाऊन आडव्या पडल्या, मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. हात कोणी उचलला नाही. पुढे पुण्याच्या सावकारांनी, ज्यांच्याकडे इथल्या कित्येक जमिनी होत्या, मोबदला मान्य केला, आंदोलन विरलं, आणि डिसेंबर १९२४ मध्ये सेनापती बापटांनी मोजक्या साथीदारांसह शस्त्रं घेऊन धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. बापटांबद्दल इथे सगळ्यांना आदर आहे, मलाही आहे. पण क्रम पाहण्यासारखा आहे. आधी सगळं गाव निःशस्त्र बसलं होतं. ते बसणं फुकट गेल्यावर मूठभर माणसं उरली आणि त्यांच्या हातात हत्यार आलं.

दुसरी लाट माझ्या डोळ्यांदेखत आली. हिंजवडीला आयटी पार्क झालं, पलीकडे लवासा उभं राहू लागलं, आणि ज्या वरकस जमिनीवर नाचणी-वरईसुद्धा धड येत नव्हती तिला सोन्याचा भाव आला. सात-बाऱ्यावर आजोबांचं नाव, वारस अठरा, वाटणी तोंडी झालेली, मोजणी झालेलीच नाही. एका चुलत्यानं सही केली, दुसऱ्यानं नाही. पैसा आला तो गाडीत, बंगल्यात, निवडणुकीत गेला. पोरं ताबे घेणाऱ्यांच्या मागे हिंडू लागली. २०१८ मध्ये प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' आला तेव्हा माझ्या दवाखान्यातला कंपाउंडर तो तीनदा पाहून आला. ५ जानेवारी २०२४ ला कोथरूडच्या सुतारदऱ्यात मूळच्या मुळशीच्याच शरद मोहोळ या गुंडाला दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या गेल्या. पोलिसांनी पकडले ते त्याच्याच सोबत वावरणारे, आणि बातम्यांत कारण आलं ते जमिनीच्या आणि पैशाच्या जुन्या वादाचं.

पिस्तूल कुठून येतं? तपासात पुन्हा पुन्हा येणारं नाव म्हणजे उमर्टी, जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या सीमेला लागून असलेलं मध्य प्रदेशातलं गाव. गावठी कट्टे तिथे भट्टीवर बनतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. चांगलं झालं. पण डासांवर धूर मारला तरी डबकं राहतंच, आणि इथलं डबकं म्हणजे न मिटलेले बांधाचे वाद.

नेमकं हेच डबकं उपसण्यासाठी १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गृहमंत्री होते आर. आर. पाटील. ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान चालवलं होतं; गावाला गावाशी स्पर्धा करायला लावली की काम होतं, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं. तोच नमुना त्यांनी भांडणांना लावला. ग्रामसभेनं समिती निवडायची. त्यात सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, गावातली चार शहाणी माणसं आणि स्त्रिया. गावातल्या सगळ्या तंट्यांची, दिवाणी, महसुली, फौजदारी, वहीत नोंद करायची आणि दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून मिटवायचे. बाहेरच्या जिल्ह्यातली समिती येऊन तपासणार, गुण देणार, आणि पात्र गावाला लोकसंख्येप्रमाणे १ लाखापासून १० लाखांपर्यंत बक्षीस. मला त्यात सर्वांत आवडली ती ही गोष्ट की योजना गृहखात्याची होती. म्हणजे ज्या खात्याचं काम गुन्हा झाल्यावर सुरू होतं, त्यानं गुन्हा होण्याआधीच्या कामासाठी पैसे काढले. आरोग्य खात्याला हे सुचायला जेवढी वर्षं लागली त्या मानानं हे लवकरच झालं म्हणायचं.

त्या काळात मीही दोन-चार बैठकांना बसलो आहे. डॉक्टर दोघांच्याही घरी जातो म्हणून बोलावत. दोन सख्खे भाऊ, दोघेही माझे पेशंट, मधल्या बांधाची हातभर जागा. कोर्टात नऊ वर्षं तारखा. धाकट्याला अल्सर, थोरल्याला झोप नाही. अध्यक्षकाकांनी त्यांना शाळेच्या ओट्यावर बसवलं आणि पहिला तास बांधाचं नावच काढलं नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात कोणी काय केलं यावरच बोलू दिलं. खरं भांडण तिथे होतं. दुसऱ्या बैठकीला मोजणीचा नकाशा आला आणि दगड हलला. धाकट्याची ॲसिडिटीची गोळी त्यानंतर सहा महिन्यांत मी बंद केली. राग वर्षानुवर्षं आत ठेवला तर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल चढे राहतात; बीपी, साखर, झोप सगळं बिघडतं. मिटलेला वाद हे औषध आहे, आणि ते मी पाहिलं आहे.

मोहिमेवर टीका झाली तीही खरी आहे. बक्षिसासाठी आकडे हवेत म्हणून किरकोळ कुरबुरीही 'तंटा' म्हणून वहीत चढल्या. नवऱ्याची मारहाण, छेडछाड अशा तक्रारी ठाण्यात जाऊ न देता "गावाचं नाव जाईल" म्हणून बाईलाच समजावलं गेलं. हे मला मान्य नाही. बांधाच्या वादात दोघेही अर्धं पाऊल मागे येऊ शकतात. मार खाणाऱ्या बाईनं कुठे मागे यायचं? अशा बाईनं १८१ किंवा ११२ वर फोन करावा, समितीकडे जाऊ नये.

पण मोहीम मंदावली ती या टीकेमुळे नाही. एकदा तंटामुक्त ठरलेल्या गावाला पुढे करण्यासारखं काही उरलं नाही. बक्षीस मिळालं, त्यातून कमान किंवा सभामंडप झाला, फोटो निघाला, आणि भांडणं मात्र नव्यानं जन्मत राहिली, कारण जमिनी विकल्या जातच होत्या. आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ ला गेले. त्यानंतर बक्षिसांचा जोर ओसरला, समित्या बऱ्याच ठिकाणी कागदावर राहिल्या. बीपीचे पेशंट आकडा नॉर्मल आला की गोळी सोडतात, तसंच सरकारनं केलं. आकडा नॉर्मल होता तो गोळीमुळेच होता.

शिकागोत मध्यस्थाला पगार होता, पण तो कोणत्याही महिन्यात बंद होऊ शकत होता. आपल्याकडे गावाला बक्षीस होतं, मध्यस्थाला एसटीचं भाडंही नव्हतं. आशाताईंना निदान कामागणिक मोबदला आहे. समितीच्या अध्यक्षाला फक्त लोकांचा रोष. माझ्या मते मोठ्या बक्षिसापेक्षा दरवर्षी थोडा पण न चुकता निधी, मोजणीची फी माफ, आणि महिन्यातून एकदा तलाठी व बीट हवालदार ओट्यावर हजर, एवढं मिळालं असतं तरी खूप झालं असतं. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आली आहे: परिसराची शांतता बिघडवू शकेल असा वाद दोन्ही पक्षांच्या संमतीनं तीन मध्यस्थांपुढे नेता येईल, अशी ती कल्पना. तोवर तालुका विधी सेवा समिती आणि लोकअदालत आहेच, मोफत. कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. आणि घरातला कोणी सूडाच्या गोष्टी करत असेल, रात्र-रात्र जागत असेल, दारू वाढली असेल तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करा, मराठीत बोलता येतं. त्याच्याकडे हत्यार आहे असं कळलं तर लपवू नका, ११२ वर सांगा.

अध्यक्षकाकांचा आकडा दहा मिनिटं गप्प बसवल्यावर १४४/८८ आला. तंट्यांची वही अजून त्यांच्या घरी आहे, ग्रामपंचायतीनं परत मागितली नाही. जाताना म्हणाले, खालच्या वाडीतले दोन चुलतभाऊ येत्या रविवारी बसायला तयार आहेत, एकाचा मुलगा पुण्यात वाईट संगतीत आहे म्हणून त्यांना घाई आहे, तुम्ही याल का? मी दुपारची ओपीडी आटपून येतो म्हटलं. मोजणीचा नकाशा दोघांनीही आणावा, आणि मुलालाही आणावं, एवढं सांगितलं आहे.